तेलाच्या नावाखाली ८,६७५ डॉलरचा चुना

जुन्या गाडीसाठी इंटरनेटवरून इंजिन मागवलं आणि फसलो. आधी आकडे, कारण तेच रात्री झोपू देत नाहीत. लाँग ब्लॉक (हेडांसकट जुळवलेलं इंजिन) ६,८५० डॉलर. 'परफॉर्मन्स ऑइलिंग पॅकेज', म्हणजे तेल खेळवणारे खास भाग आणि काम, १,१४०. ट्रकने पाठवणी ३८५. जुन्या इंजिनापोटी अनामत ३००. एकूण ८,६७५ डॉलर. त्यातले २,००० क्रेडिट कार्डावर, बाकीचे थेट बँकेतून. कार्डाला साडेतीन टक्के जास्त लागतील, विक्रेता म्हणाला, आणि मी ते टक्के वाचवले. हसा.

आता कुणी म्हणेल, इंटरनेटवर फोटो बघून इंजिन घेतं का कुणी? घेतात. अमेरिकेत राहून जुनी गाडी बाळगणारे निम्मे लोक तसंच घेतात. माझी १९७२ ची शेव्ही नोव्हा आहे. तिच्यात मुळातलं ३०७ घनइंचाचं इंजिन होतं, म्हणजे शेव्हीच्या स्मॉल-ब्लॉक घराण्यातलं सगळ्यात दमलेलं पोर. मला ३८३ हवं होतं. ३५० च्या ब्लॉकचे सिलिंडर ३० थाऊ मोठे बोअर करायचे (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), त्यात ४०० च्या मापाचा पावणेचार इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, घालायचा, झालं ३८३. यात नवं काही नाही. शेव्हीचं हे घराणं १९५५ पासूनचं, २६५ घनइंचापासून सुरू झालेलं. सुटे भाग मुबलक, बांधणारे उदंड. म्हणून फसवणारेही उदंड.

फसवणुकीची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे: जाहिरात, गोड फोन, आगाऊ पैसे, तारीख पुढे, आणखी पैसे. ती पुन्हा उगाळत नाही. या माणसाने चोरी नेमकी कुठे केली ते मात्र नीट वाचा. व्हॉल्व्ह कव्हर चकचकीत, हेड नवी, रंग असा की घरच्यांनीसुद्धा कौतुक केलं. जे दिसतं त्यात एक पैसा खाल्ला नाही. खाल्लं ते तेलाच्या वाटेत. ती वाट पॅनच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या परातीच्या) आत, क्रँक धरणाऱ्या कॅपच्या खाली, टायमिंग कव्हरच्या मागे असते. वरून बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. वर पॅनच्या बोल्टांवर पिवळ्या रंगाच्या खुणा. खूण मोडली तर हमी रद्द. म्हणजे तपासलं की हमी गेली, नाही तपासलं की इंजिन गेलं. हमीपत्रात अशी अट दिसली तर व्यवहार तिथेच सोडा.

आणि माणूस अडाणी नव्हता हो! तोच तर राग आहे. फोनवर बोलला ते शब्द न् शब्द बरोबर. मेन बेअरिंगला (क्रँक ज्यात फिरतो त्याला) किती गॅप ठेवतोस विचारलं, तर म्हणाला, जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या भागाच्या, दर इंच व्यासाला एक थाऊ, वर थोडं, म्हणजे अडीच. बरोबर. तेलाचा दाब? दर हजार आरपीएमला १० पीएसआय मिळाला की पुरे, उगाच ८० च्या मागे लागू नका, जास्त दाब म्हणजे पंप आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर फुकटचा भार. हेही बरोबर. पिकअप, म्हणजे पंपाची तेल ओढणारी नळी, पॅनच्या तळापासून पाव ते पाऊण सेंटिमीटर... नाही, इंचात बोलला, पाव ते तीन अष्टमांश इंच, आणि पंपाला वेल्ड करून, कारण नुसता ठोकून बसवलेला पिकअप थरथरून निसटतो. अगदी बरोबर. खोटं बोलणारा पकडता येतो. खरं बोलून खोटं काम करणाऱ्याला कसं पकडायचं, सांगा ना मला.

त्या १,१४० ची फोड बिलात छापलेली आहे. हाय-व्हॉल्यूम पंप १७०, जोडीचा पिकअप वेल्डिंगसह ११५, सात क्वार्टचं बॅफलवालं (तेल हिंदकळू न देणाऱ्या आडपट्ट्यांचं) खोल पॅन ३४०, विंडेज ट्रे (क्रँक आणि तेल यांच्यामधला पत्रा) १२०, गॅलरीला (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेला) आटे पाडून स्क्रूचे प्लग आणि तेलाच्या भोकांची साफसफाई ३६०, पंपाची शाफ्ट लोखंडी कॉलरची ३५. इतकं तपशीलवार बिल देणारा माणूस चोर असेल असं मला वाटलं नाही, तुम्हालाही वाटलं नसतं.

पण डायनो शीट. तो कागद.

शेवटचे पैसे पाठवण्याआधी त्याने मला डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, तक्ता पाठवला. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले ५,२५२. हे मी झोपेतही सांगेन. म्हणजे ५,२५० आरपीएमच्या ओळीत टॉर्क आणि अश्वशक्ती यांचे आकडे एकच आले पाहिजेत. जगातल्या कुठल्याही इंजिनाचे, कुठल्याही डायनोवर, पौंड-फूट आणि हॉर्सपॉवर या एककांत. माझ्या कागदावर त्या ओळीत टॉर्क ३९८ होता आणि अश्वशक्ती ४२१.

मी ती ओळ वाचली. बोट ठेवून वाचली. आणि ४२१ बघून खूश झालो. तेवीस घोडे हवेतून आले होते आणि मला ते माझ्या बॉनेटखाली दिसत होते. शेजारच्या रकान्यात तेलाचा दाब ३,००० पासून ६,००० पर्यंत प्रत्येक ओळीत ६२. त्याचं तर मी स्वतःच समर्थन शोधलं: रिलीफ व्हॉल्व्ह उघडला की दाब सपाट होतोच. होतोही साधारण सपाट. पण तेल तापत जाताना काटा एक पीएसआयसुद्धा हलत नाही? तो कागद कुठल्याही डायनोतून निघालेला नव्हता, कुणीतरी बसून टाइप केलेला होता. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की गाडी तोवर महिनोन्महिने बिनइंजिनाची गॅरेजात पडून होती आणि मोसम संपत आला होता. अशा वेळी माणूस कागदावर भागाकार करत बसत नाही. तुम्ही करा. फोनमधलं कॅल्क्युलेटर पुरतं.

इंजिन बसवलं. सुरू करण्याआधी प्राइम केलं, म्हणजे पंप बाहेरून फिरवून तेल सगळीकडे पोचवलं, आणि रीतसर केलं. बरेच जण डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलला नुसता रॉड लावतात. शेव्हीत डिस्ट्रिब्युटरची बॉडी उजव्या लिफ्टर गॅलरीचा भाग असते, नुसत्या रॉडने तेल तिथूनच निसटतं. मी बॉडी असलेलं हत्यार वापरलं. सोळाच्या सोळा रॉकरांवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) तेल आल्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. म्हणजे यायला हवं होतं. ब्रेक-इननंतर (नवं इंजिन थोडं चालवून मुरवल्यावर) फिल्टर कापून बघितला. आत जवळजवळ काहीच नाही, स्वच्छ. किती समाधान वाटलं होतं तेव्हा.

नंतर एका संध्याकाळी हायवेवरून उतरताना जोरात ब्रेक लागला आणि दाबाचा काटा शून्यावर गेला. परत वर आला, पण तोवर खालून ठोका सुरू झाला होता. रॉड बेअरिंगचा ठोका एकदा ऐकला की समजावून सांगावा लागत नाही.

उघडायला मी एका जुन्या मशीन शॉपवाल्याकडे नेलं, ४५० डॉलर. त्याने पॅन काढलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. पॅन खोल होतं खरं, पण आत बॅफल एकही नाही, नुसता डबा. पिकअप मूळ उथळ पॅनच्या मापाचा, त्यामुळे तळापासून जवळजवळ दोन इंच अधांतरी. माझ्या नोव्हाचं संप, म्हणजे पॅनचा खोल भाग, मागे असतं. ब्रेक मारला की तेल पुढे धावतं, आणि हा पिकअप हवा ओढतो. पंप मोठा असल्याचा उपयोग एवढाच की हवाही जास्त ओढली! वेल्डिंगचा ठिपका नाही. विंडेज ट्रे नाही. शाफ्टची कॉलर प्लास्टिकची, कारखान्यातलीच. समोरच्या गॅलरीला आटे नाहीत, जुन्याच पद्धतीचे ठोकलेले प्लग. मग मागची मेन कॅप काढली. तिच्याखाली ब्लॉकमध्ये एक छोटा प्लग असतो, तो पंपाचं तेल आधी फिल्टरकडे वळवतो. तो नव्हता. तेल फिल्टर चुकवून सरळ बेअरिंगांत जात होतं, आणि बेअरिंगांत बोअरिंगचा चुरा रुतलेला. माझा फिल्टर स्वच्छ का होता ते तेव्हा कळलं.

आणखी ऐका. 'फोर-बोल्ट मेन' (मेन कॅप चार बोल्टांनी धरलेल्या) म्हणून घेतलेला ब्लॉक टू-बोल्ट निघाला. पुरावा म्हणून त्याने ३९७००१० या कास्टिंग नंबरचा फोटो पाठवला होता. तो नंबर दोन्ही प्रकारांत येतो, पॅन काढल्याशिवाय फरक कळत नाही. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) म्हणून दिलेला क्रँक कास्ट (ओतीव). त्यावरची साच्याची रेघ बारीक आणि धारदार होती, फोर्ज्ड क्रँकची रुंद पट्टी असते. फोटो मागाल तेव्हा पॅन काढलेल्या इंजिनाचा मागा, शेजारी तुमचा ऑर्डर नंबर हाताने लिहिलेला कागद ठेवून. मला आलेले फोटो दुसऱ्याच इंजिनाचे होते.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: प्राइम न केल्यामुळे बेअरिंग गेलं, शिवाय पॅनच्या खुणा मोडल्या आहेत, हमी रद्द. व्हिडिओ पाठवला. उत्तर नाही. ३०० ची अनामतही आली नाही.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलिसांनी विचारलं, गाडी चोरीला गेली आहे का? नाही. मग हा दिवाणी मामला. राज्याच्या ग्राहक तक्रारीच्या फॉर्मवर दोनच पर्याय, 'वाहन दुरुस्ती' आणि 'वाहन विक्री'. दुरुस्ती निवडली तर बाई म्हणाल्या, गाडी त्यांच्या दुकानात गेलीच नव्हती, म्हणजे ही दुरुस्ती नव्हे. विक्री निवडली तर म्हणाल्या, इंजिन म्हणजे वाहन नव्हे. शेवटी तक्रार 'इतर' मध्ये पडली. त्यांनी ती विक्रेत्याला पाठवली, विक्रेत्याने तीच प्राइमची ओळ लिहिली, आणि मला पत्र आलं की दोन्ही पक्षांची बाजू नोंदवून प्रकरण बंद केलं आहे. बाजू नोंदवली! विक्रेत्याच्या राज्यात विचारलं, तर तुम्ही आमचे रहिवासी नाही. केंद्राच्या पोर्टलवर तक्रार टाकली की एक लांबलचक नंबर मिळतो, आणि त्याच पानावर लिहिलेलं असतं की वैयक्तिक तक्रारी आम्ही सोडवत नाही. मग नंबर कशाला देता? फ्रेम करायला? बँक म्हणाली, माल मिळाला आहे, दर्जाचा वाद आपसात मिटवा, आणि कार्डावर नसलेल्या ६,६७५ बद्दल तर बोलूच नका. माझ्या राज्यात छोट्या दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा ६,००० डॉलर, म्हणजे जिंकलो तरी २,६७५ वर पाणी. आणि विक्रेता परराज्यातला, तो आलाच नाही तर वसुली मीच करायची. वकिलाने नुसतं हातात घ्यायचे २,५०० सांगितले. हमीचा कायदा या देशात १९७५ पासून आहे म्हणे, त्याच वकिलाने सांगितलं. माझ्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'फक्त रेसिंगच्या वापरासाठी' असं छापलेलं आहे, ती विक्रेत्याची पळवाट, तेही त्यानेच दाखवलं. ती ओळ तुमच्या बिलावर आहे का, आत्ता बघा.

सगळी रक्कम कार्डावर द्या, साडेतीन टक्के गेले खड्ड्यात. जमलं तर शॉर्ट ब्लॉक (हेड आणि पॅनशिवायचं इंजिन) घ्या आणि पंप, पिकअप, पॅन स्वतः बसवा. पिकअपचं अंतर मापायला मातीचा गोळा पुरतो: पिकअपवर चिकटवा, पॅन गॅस्केटसह दाबून बसवा, काढा, चपटा झालेला गोळा मोजा. इंजिन विकत आलं असेल तर हमी गेली तरी चालेल, पॅन उघडाच. गॅस्केट काही डॉलरचं असतं.

त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे. आता तोच तक्ता फोर्डच्या ३४७ खालीही लावला आहे, आकडा न् आकडा तोच. तुमच्या हातात असा कागद असेल आणि ५,२५० च्या ओळीत ३९८ आणि ४२१ लिहिलेलं असेल, तर इंजिन सुरू करू नका. आधी मागची मेन कॅप काढा आणि प्लग आहे का बघा.