भाषाविज्ञानासाठी आधी काय शिकावं: संच-तर्क की संख्याशास्त्र?

भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला येणाऱ्या अनेकांचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं. इथे आल्यावर अर्थविचाराच्या तासाला संच आणि फलन समोर येतात, आणि प्रकल्प लिहायची वेळ आली की काय-स्क्वेअर चाचणी, म्हणजे दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारी संख्याशास्त्रातली रीत. एका सुट्टीत दोन्ही नीट होत नाहीत, म्हणून निवड करावी लागते.

या दोन्हींना आपण सरसकट ‘गणित’ म्हणतो, पण त्यांची कामं फार वेगळी आहेत. संच आणि तर्क काही मोजत नाहीत, ते अर्थ नेमका मांडतात. ‘सगळी मुलं झोपली’ म्हणजे मुलांचा संच झोपलेल्यांच्या संचाचा उपसंच. ‘काही मुलं झोपली’ म्हणजे या दोन संचांचा छेद रिकामा नाही. ‘बहुतेक मुलं झोपली’ म्हटलं की मात्र झोपलेली मुलं जागी असलेल्यांपेक्षा जास्त हवीत, आणि हा अर्थ नेहमीच्या ‘सर्व’ व ‘काही’ या दोन चिन्हांत बसवताच येत नाही. बार्वाइझ आणि कूपर या अभ्यासकांनी १९८१ मध्ये अशा शब्दांचा अर्थ दोन संचांमधला संबंध म्हणून मांडला. वाक्यरचनेतही हेच गणित चालतं. स्विस जर्मनमधली काही वाक्यं संदर्भमुक्त व्याकरणात (आजूबाजूचे शब्द न पाहता लागू होणाऱ्या नियमांच्या व्याकरणात) मावत नाहीत, हे भाषा-अभ्यासक शिबर यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं. तो निष्कर्ष कितीही ध्वनिमुद्रणं गोळा करून नुसत्या मोजणीने निघाला नसता.

या वाटेवर पाया थोडा लागतो. बालभारतीच्या नववीच्या गणितातला ‘संच’ हा पाठ पुन्हा सोडवला, त्यावर संबंध, फलन आणि विधेय तर्क (‘सर्व’, ‘काही’ असलेली विधानं चिन्हांत मांडणारा तर्क) शिकलं की लॅम्डा कलनापर्यंत, म्हणजे फलनं लिहिण्याच्या चिन्हपद्धतीपर्यंत जाता येतं. अवघड जाते ती चिन्हांची सवय, आणि ती रोज थोडं लिहूनच लागते.

संख्याशास्त्राचं उलट आहे. तिथली सूत्रं सोपी आहेत, ती कुठे लावायची हे ठरवणं कठीण. समाजभाषावैज्ञानिक लाबोव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत २६४ विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द वदवून घेतले आणि ‘र’चा उच्चार कोण करतं ते नोंदवलं. महागड्या दुकानात तो सर्वांत जास्त, स्वस्तातल्या दुकानात सर्वांत कमी. सामाजिक स्तरानुसार उच्चार बदलतो, हा एवढा मोठा निष्कर्ष मुख्यतः टक्केवारीवर उभा आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, ३० शहरी आणि ३० ग्रामीण भाषकांना एकेकदा विचारलं. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारे शहरात १२ आणि गावात २१ निघाले. काय-स्क्वेअर येतो ५.४५. निव्वळ योगायोगाने ३.८४च्या वरचा आकडा पाच टक्क्यांहून जास्त वेळा येत नाही, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा मानणं कठीण. पण हेच ६० उच्चार सहाच माणसांकडून प्रत्येकी दहा वेळा घेतले असते, तर आकडे तेच राहूनही चाचणी चुकीची ठरली असती. एका माणसाचे दहा उच्चार एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यासाठी भाषकागणिक फरक धरणारी मिश्र-परिणाम प्रतिमानं लागतात. प्रबंधांतली विधानं इथेच कोसळतात, म्हणून मी यावर इतका जोर देते आहे.

ध्वनिविज्ञानाकडे जायचं असेल तर प्रश्नच उरत नाही. पुरुष, स्त्रिया आणि मुलं यांच्या स्वरमार्गाची लांबी वेगळी, त्यामुळे एकाच ‘आ’चे फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणाऱ्या, घुमणाऱ्या वारंवारता) हर्ट्झमध्ये वेगवेगळे येतात. ते तुलनेला आणायची संशोधक लोबानोव्ह यांची १९७१ची रीत साधी आहे: प्रत्येक मापातून त्या भाषकाची त्या फॉर्मंटची सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणाऱ्या आकड्याने) भागायचं. सोबत लॉगरिदम शिकून घ्या. आवाजाची पातळी मोजणारं डेसिबेल त्याशिवाय कळत नाही आणि कोणता शब्द किती वेळा येतो याबद्दलचा झिफचा नियमही.

साधनांवर फार वेळ घालवू नका. पहिल्या मोजणीला एक्सेल पुरतं, पुढे ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिका, ती मोफत आहे. संगणकीय भाषाविज्ञान करायचं असेल तर पायथन आणि मॅट्रिक्सचं गणित लागेल, ती तिसरी वाट.

अर्थविचार किंवा वाक्यविचार हाच विषय पक्का असेल, तर संच-तर्कापासून सुरुवात करा. विषय ठरला नसेल, किंवा बोलींचं क्षेत्रकाम समोर असेल, तर माझा कौल संख्याशास्त्राला आहे. तर्कशास्त्र नंतर शिकलं तरी तेच वाक्य पुन्हा तपासता येतं. चुकीच्या पद्धतीने गोळा केलेली सामग्री मात्र सहसा दुरुस्त होत नाही, कारण त्या गावी, त्याच माणसांकडे पुन्हा जाणं दरवेळी जमत नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३८ मध्ये भारतीय संख्याशास्त्रज्ञांपुढे बोलताना बजावलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करून घेणं. तेव्हा भाषक किती, प्रत्येकाकडून उच्चार किती आणि कोणत्या गटांतून, हे पहिलं ध्वनिमुद्रण करण्याआधी कागदावर लिहून मार्गदर्शकांना दाखवा.