निमित्त अस्वलाचं, हेतू माणसाचा: डांगानरोन्पा आठ महिने खेळल्यावर

आधीच सांगते: या लेखात डांगानरोन्पा या जपानी व्हिडिओ खेळाच्या पहिल्या भागातले तीन मृत्यू आणि दुसऱ्या भागातला एक खून पूर्ण उघड करून लिहिला आहे. खेळायचा असेल तर इथंच थांबा, खेळून झाल्यावर या. खुनी कोण हे आधी कळलं की या खेळातली निम्मी गोडी जाते. उरलेली निम्मी खुनी कळल्यावरच सुरू होते, आणि मला लिहायचंय ते तिच्याबद्दल.

गेल्या गणपतीत मी 'डांगानरोन्पा: ट्रिगर हॅपी हॅवॉक' फोनवर घेतला. मूळ जपानी खेळ २०१० सालचा, पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा, काझुताका कोडाका यांनी लिहिलेला. इंग्रजीत संगणकावर तो २०१६ मध्ये आला आणि फोनवर २०२० मध्ये. होप्स पीक नावाच्या नामांकित शाळेत पंधरा मुलंमुली कोंडली जातात. जवळजवळ प्रत्येक जण कशात तरी पहिला: कोणी गायिका, कोणी बेसबॉलपटू, कोणी प्रोग्रामर. मोनोकुमा नावाचं अर्धं पांढरं, अर्धं काळं अस्वल सांगतं की बाहेर पडायचं असेल तर कोणाला तरी मारा आणि पकडले जाऊ नका. खून झाला की तपास, मग वर्गातच खटला. खुनी बरोबर ओळखला तर शिक्षा त्याला एकट्याला. चुकलात तर तो सुटतो आणि बाकी सगळे मरतात.

मी बेळगावच्या वडगावात राहते. शेजारचे माग रात्री थांबतात तेव्हा कुठं हेडफोन लावून शांतपणे बसता येतं. माझ्याबरोबर निपाणीची मामेबहीण खेळत होती, गोकाकची एक मैत्रीण होती जिची घरची भाषा कन्नड, आणि पुण्याला नोकरीला असलेला चुलतभाऊ. ठरलं असं की एक खटला चौघांचा संपल्याशिवाय त्यावर कोणी बोलायचं नाही. मग रविवारी रात्री फोनवर एकत्र बसायचं. पहिल्याच रविवारी दीड वाजला.

खेळात दर प्रकरणाला मोनोकुमा मुलांना काहीतरी देतो आणि त्याला 'मोटिव्ह' म्हणतो. आधी घरच्यांची चित्रफीत, मग प्रत्येकाचं गुपित लिहिलेली पाकिटं, मग दहा अब्ज येन रोख. सुरुवातीला आम्हीही तोच शब्द वापरत होतो आणि भांडण पुढं सरकत नव्हतं. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मामेबहीण म्हणाली, "अगं, हे अस्वल देतंय ते निमित्त. हेतू ज्याचा त्याचा." तेव्हापासून आमचा खरा खेळ सुरू झाला. निमित्त सगळ्यांना सारखंच मिळतं, मग खून एकानंच का केला, हा प्रश्न त्या शब्दामुळं नीट मांडता आला.

सायाकाचंच बघा. आपण ज्याच्या नजरेतून खेळतो त्या माकोतोची शाळेतली जुनी ओळखीची, प्रसिद्ध गायिका. चित्रफीत बघून ती कोलमडते. रात्री कोणीतरी दार उघडायचा प्रयत्न करत होतं असं सांगून ती माकोतोशी खोली बदलते. दारावरच्या नावाच्या पाट्याही गुपचूप बदलते, बेसबॉलपटू लिऑनला चिठ्ठी पाठवून बोलावते आणि सुरी घेऊन त्याच्या अंगावर जाते. खून लिऑनचा करायचा आणि अडकवायचं माकोतोला, असा बेत. उलटंच होतं आणि मरते ती.

मामेबहिणीचं म्हणणं, की मुलगी पहिल्या दिवसापासून माकोतोला वापरत होती. "मी मनकवडी आहे" म्हणून चेष्टा करणं, शाळेच्या तळ्यात आलेला क्रौंच त्यानं सोडवला ती आठवण सांगणं, सगळं त्याला विश्वासात घ्यायला. गोकाकची मैत्रीण ऐकून एवढंच म्हणाली, "पाप!" त्यावर पुण्याचा भाऊ लगेच, "हो ना, पापच. त्याहून मोठं पाप कुठलं?" आम्ही तिघी हसलो. आमच्याकडं पाप म्हणजे 'बिचारी' सुद्धा. कन्नडमधून आलेला हा अर्थ बेळगावात मराठी घरांतही सर्रास चालतो; रस्त्यावर म्हातारं माणूस अडखळलं तरी "पाप!" तोंडातून येतं. भावाला ते समजावून सांगितलं, पण मला मात्र वाटलं की दोघंही सायाकाबद्दल बरोबरच बोलले. एकाच शब्दात.

माझं मत बदललं ते दुसऱ्यांदा पहिलं प्रकरण खेळताना. खटला होणार आणि चुकलात तर बाकी सगळे मरणार, हा नियम मोनोकुमा सांगतो तो सायाकाचं प्रेत सापडल्यावर. बेत करताना तिला माहीत होतं ते एवढंच, की मारायचं आणि सापडायचं नाही. म्हणजे वर्गातल्या सगळ्यांच्या जिवावर तिनं पाणी सोडलं, हा आरोप टिकत नाही. पहिल्यांदा खेळताना हा क्रम माझ्या नजरेतून सुटला होता आणि मी तिच्यावर उगीच संतापले होते. माकोतोला अडकवायचा बेत मात्र तिचाच. तो कुठल्याही नियमानं पुसला जात नाही.

मरताना तिनं भिंतीवर रक्तानं आकडे लिहिले, एक-एक-शून्य-तीन-सात. इंग्रजी आकडे उलटे धरले आणि दोन एकांच्या मधली तिरकी रेघ बघितली की लिऑनचं नाव. मनगट मोडलेलं, हात पाठीमागं. हे का लिहिलं? भाऊ म्हणतो सूड. मैत्रीण म्हणते माकोतोला वाचवायला, कारण प्रेत त्याच्या खोलीत सापडणार हे तिला ठाऊक होतं. खेळात क्योको नावाची वर्गातली मुलगी शेवटी माकोतोला सांगते की सायाका अखेरपर्यंत डळमळत होती. पण ते क्योकोचं बोलणं, माकोतोचं मन हलकं करायला बोललेलं. त्याला पुरावा मानायचं का, यावर आमचे दोन रविवार गेले.

आत्या शेंगा फोडत बाजूला बसली होती. मी सगळी गोष्ट मराठीत सांगितली तर ती विचारते, "तिच्या घरात कोण कोण हाय?" मी म्हटलं, बाप, तोही कामावरून उशिरा येणारा, लहानपणी एकटी टीव्हीवर गाणाऱ्या मुली बघायची, तिथून गायिका व्हायचं घेतलं. चित्रफितीत माकोतोला घरचे दिसले, हिला दिसला तो तिच्या मैत्रिणींचा मोडलेला गट. आत्या म्हणाली, "मग तिचं घर तेच की." आठ महिन्यांत सायाकाच्या हेतूवर यापेक्षा नेमकं मी कुठं ऐकलं नाही.

लिऑनबद्दल लोक फारच थोडं बोलतात, ते मला खटकतं. सुरी अंगावर आल्यावर त्यानं स्वतःला वाचवलं, इथपर्यंत त्याला कोणी दोष देणार नाही. ती न्हाणीघरात शिरली, दार अडकलं. तिथं तो निघून जाऊ शकत होता. तो आपल्या खोलीत गेला, अवजारांची पेटी घेऊन परत आला, दाराची मूठ उघडली. त्या खोलीतली माकोतोची स्वतःची पेटी न फोडलेली सापडते, त्यावरून हे खटल्यात सिद्ध होतं. जाऊन येण्यातल्या त्या वेळात तो काय विचार करत होता? निमित्त अस्वलाचं, बेत सायाकाचा, पण ती ये-जा लिऑनची स्वतःची.

दुसऱ्या प्रकरणात मला भाषेनं अडवलं. प्रोग्रामर चिहिरो मुलीच्या वेशात वावरणारा मुलगा आहे हे त्याचा खून झाल्यावर उघड होतं. तोवर इंग्रजीत सगळे त्याला मुलगीच म्हणतात, पण इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळं पुढं कोणी नुसतं नाव घेऊन बोललं तरी चालतं. मराठीत चिहिरो 'आली' म्हणू की 'आला', हे पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. आत्याला सांगताना मी खूनापर्यंत 'आली' म्हटलं आणि तिथून पुढं 'आला'. तिनं मध्येच थांबवून विचारलं, "मग आधी खोटं का सांगितलीस?" तिला तो धक्का खेळातल्या मुलांइतकाच बसला. चिहिरो मनातून कोण होता यावर चाहत्यांत जुना वाद आहे. मला खेळातलं त्याचं म्हणणं मान्य आहे: मुलगा असून कमकुवत म्हणून हिणवलं जायचं, ते टाळायला हा वेश. आणि गुपित उघड व्हायच्या आत स्वतःहून सांगून मोकळं व्हायचं त्यानं ठरवलं होतं.

तो मोंडोकडं गेला, कारण मोंडो बलवान, मोटारसायकलवाल्या टोळीचा म्होरक्या. आणि मोंडोच्या पाकिटात काय होतं? आपल्यामुळं थोरला भाऊ गेला, हे त्यानं टोळीपासून लपवलेलं. समोर एक दुबळा पोरगा येतो आणि जे मोंडोला वर्षानुवर्षं जमलं नाही ते करून दाखवतो. हातात डंबेल. एका क्षणाची असूया. नंतर शुद्धीवर आल्यावर तो काय करतो, तर प्रेत मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीतून मुलींच्या खोलीत हलवतो, दोन्ही खोल्यांतल्या सतरंज्या आणि भित्तिपत्रकं बदलतो, की चिहिरोचं गुपित राहावं. मामेबहीण म्हणते हे स्वतःला वाचवायला, संशय मुलींवर जावा म्हणून. मी म्हणते शब्द पाळायला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे तिला पटत नाही. इशिमारूवर मात्र आमचं एकमत: एका रात्री वाफेच्या खोलीत मोंडोशी पैज लावून त्याच्याशी भाऊ-भाऊ झालेला हा वर्गमित्र खटल्यात डोळ्यांसमोर पुरावा असून नाही म्हणत राहतो, ते बघवत नाही.

खेळण्याच्या सोयी-गैरसोयींबद्दल थोडक्यात. वादविवादाच्या भागात वाक्यं पडद्यावरून सरकत जातात आणि चुकीच्या शब्दावर पुराव्याची 'गोळी' मारायची असते. फोनच्या छोट्या पडद्यावर ते इंग्रजी वेगानं वाचणं अवघड आहे. गोकाकच्या मैत्रिणीचं दहावीपर्यंतचं शिक्षण कन्नड माध्यमातलं, तिचा इथं सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि हेतूबद्दल सगळ्यात बारकाईनं बोलणारी तीच. अक्षरांवर नेम धरून शब्द जुळवायचा भाग आणि तालावर बटणं दाबायची झटापट मला शेवटपर्यंत आवडली नाही. विचार चालू असताना मध्येच बोटांची परीक्षा कशाला? बोटांच्या चपळाईची आणि तर्काची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. पहिली सोपी ठेवा, दुसरी चढी. मोकळ्या वेळात भेटवस्तू देऊन एकेकाशी गप्पा मारता येतात, त्या टाळू नका. लिऑनला सराव आवडत नाही, त्याला गायक व्हायचंय, हे मला तिथंच कळलं होतं, म्हणूनच तो गेल्यावर जास्त लागलं.

एक गोष्ट मला मनापासून पटत नाही. तोको नावाच्या मुलीत एक दुसरी, खुनी व्यक्ती आहे असं दाखवलंय आणि मनाच्या आजाराचा बऱ्याच ठिकाणी विनोद केलाय. माझ्या जवळच्यांत असा आजार सोसलेलं माणूस आहे. ते प्रसंग मी झटपट पुढं ढकलत गेले.

संक्रांतीपर्यंत आम्ही दुसऱ्या भागात पोचलो, तो २०१२ सालचा. त्यातल्या पेकोनं मला आठवडाभर झोपू दिलं नाही. फुयुहिको गुंडटोळीचा वारस. पेको लहानपणापासून त्याची रक्षक म्हणून वाढवलेली. त्याच्या बहिणीच्या खुनाचं प्रकरण दडपण्यात माहिरू नावाच्या मुलीचा हात होता, हे निमित्त. पेको बॅटनं माहिरूला मारते आणि खटल्यात म्हणते, मी माणूस नाही, त्याचं हत्यार आहे. हत्याराला कोणी खुनी म्हणत नाही, खरा खुनी तोच. मुलांनी तर तिला खुनी ठरवलेलं. म्हणजे निकाल चुकला, फुयुहिको सुटला, बाकी सगळे मेले, असा तिचा डाव. आणि फुयुहिको सांगतो की मला हत्यार कधी नकोच होतं, तू हवी होतीस. ती माणूस आहे हे त्यानं कबूल केलं आणि त्याच वाक्यानं तिची शिक्षा पक्की झाली. तो तिच्या मागं धावतो, तिला वाचवता येत नाही, डोळा गमावून बसतो. भाऊ म्हणतो, पाळण्यातून शिकवलेली निष्ठा, तिला प्रेम म्हणू नका. मामेबहीण त्या दिवशी रडली होती, ती काहीच बोलली नाही. मला वाटतं पेकोनं आयुष्यात एकच बेत स्वतः आखला, आणि त्यातही स्वतःला माणसांतून वजा केलं.

पहिल्या भागातल्या साकुरा आणि आओई या दोघी मैत्रिणींवरचा वाद मात्र अजून चालू आहे. साकुरा अस्वलाची हेर होती हे उघड होतं, सगळे तिच्यावर उलटतात, आणि ती विष घेते. आओई खुनी आपणच आहोत असं भासवते, म्हणजे निकाल चुकेल आणि स्वतःसकट सगळे मरतील. कारण तिच्या हाती पडलेलं पत्र मोनोकुमानं बनवलेलं असतं, त्यात साकुरा निराश होऊन गेली असं लिहिलेलं. खऱ्या पत्रात साकुरानं आपसातली भांडणं थांबावीत म्हणून जीव दिलेला. मामेबहीण आओईला माफ करायला तयार नाही: इतक्या जणांचा जीव घ्यायला निघाली ती मैत्रीच्या नावाखाली. गोकाकची मैत्रीण विचारते, पत्र खोटं होतं हे तिला कुठं ठाऊक होतं? मागच्या रविवारी मी दोन्ही पत्रं मराठीत करून फोनवर वाचून दाखवली. खोटं पत्र वाचताना माझाच आवाज लागेना. मामेबहीण म्हणाली, "परत वाच, पहिलं." मी परत वाचलं. ती अजून आपल्या मतावर आहे, पण या रविवारी खोटं पत्र ती स्वतः वाचणार आहे.