यलोनाइफचं संग्रहालय: आधी फिल्म बघा, मग होडी

नॉर्दर्न लाइट्ससाठी कॅनडातल्या यलोनाइफला जाणाऱ्यांचा दिवस रिकामाच जातो. आकाशातला खेळ रात्रीचा. डिसेंबरात उजेड जेमतेम पाच तास आणि पारा उणे तीसच्या आसपास. टोरांटो-कॅलगरीहून निघणारी आपली मंडळी तोवर हॉटेलात झोपा काढतात. त्याऐवजी फ्रेम लेकच्या काठावरचं प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर गाठावं. 1979 साली उघडलेलं हे सरकारी संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, आणि गावातून चालत जाता येतं. यलोनाइफ ज्याची राजधानी, त्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशाचा अभिलेखसंग्रहही याच इमारतीत आहे.

इथे बघण्यासारखं बरंच आहे, पण खरी मोलाची वस्तू एकच: मूस या उत्तरेकडच्या थोराड हरणाच्या कातड्याची होडी. आणि ती नीट कळायची तर ‘द लास्ट मूसस्किन बोट’ हा माहितीपट आधी बघायला हवा. 1982चा, कॅनडाच्या सरकारी नॅशनल फिल्म बोर्डाचा, 28 मिनिटांचा. दिग्दर्शक रेमंड याकेलेया स्वतः डेने, म्हणजे इथल्याच मूलनिवासी समाजातले. फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे, त्यामुळे हॉटेलातच बघून निघालात तरी चालेल. संग्रहालयात त्या दिवशी पडद्यावर काय लागणार आहे, ते शिरताना काउंटरवर विचारून घ्या.

फिल्ममध्ये गेब एचिनेल हे जाणते गृहस्थ डोंगरी डेने लोकांची जुनी होडी पुन्हा बांधतात. हे लोक हिवाळाभर मॅकेन्झी पर्वतात शिकार करायचे. वसंतात नदीचा बर्फ फुटला की बायकामुलं, कुत्री, सुकवलेलं मांस आणि फर असा सगळा संसार होडीत घालून प्रवाहाबरोबर खाली व्यापारी ठाण्यावर यायचे. होडीला लागायची मूसची सहा ते दहा कातडी, केस खरवडलेली पण न कमावलेली. ती एकमेकांना शिवायची, ओली असतानाच स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या काठ्यांच्या सांगाड्यावर चढवायची. सुकताना ती आवळतात आणि ताणून बसतात. शिवणीत चरबी आणि स्प्रूसचा डिंक भरायचा. खरा कस इथेच लागतो, कारण कच्चं कातडं पाण्यात राहिलं की पाणी पितं, मऊ पडतं, आणि पहिली गळती टाक्यांतूनच लागते.

परतीला ही होडी कामाची नाही. पुराच्या प्रवाहाविरुद्ध ती कोण ओढणार? म्हणून ठाण्यावर पोचल्यावर ती उसवायची, कातडी कमावून पादत्राणांना वापरायची आणि कुत्र्यांच्या पाठीवर सामान लादून डोंगरात पायी परतायचं. अशी जुनी होडी एकही उरली नाही याचं कारण हेच. 1981 साली बांधलेली ही होडी उसवली गेली नाही, तीच आता संग्रहालयात आहे.

होडीपुढे उभं राहिल्यावर नजर शिवणींवर ठेवा. नुसतं बघणाऱ्याला ती ताठ, सुकलेली, जरा अवजड वस्तू वाटते. फिल्म बघून आलेल्याला ठाऊक असतं की हेच कातडं पाण्यात ओलं आणि लवचीक असतं. उलट क्रमाने बघितलंत, तर होडीसाठी पुन्हा एक फेरी मारावी लागेल.

उत्तरेच्या बाकी फिल्म्स बघताना मात्र डोळे उघडे ठेवलेले बरे. एका इनुइट (आर्क्टिकमधले मूलनिवासी) शिकाऱ्यावरचा 1922चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ कुठल्याही संग्रहालयात लागू शकतो. त्यातल्या नायकाचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक. बंदुका वापरात आल्या असतानाही त्याच्या हाती भाला दिला, आणि आतलं चित्रीकरण करायला उजेड हवा म्हणून इग्लू अर्धाच बांधला. नेटसिलिक इनुइटांवरची 1960च्या दशकातली मालिका पेली बे या आर्क्टिकमधल्या गावी चित्रित झाली. तीही जुन्या जगण्याची मुद्दाम उभी केलेली प्रतिकृतीच, पण प्रामाणिक: निवेदन नाही, भाषांतर नाही, फक्त हातांची कामं. इग्लूची वीट कशी कापतात ते शिकायचं तर हीच बघा. ज्यांना निवेदकाशिवाय करमत नाही ते दहा मिनिटांत चुळबुळ करू लागतील.

प्राण्यांच्या फिल्म्सना माझा एक नियम लागू: साल आधी बघायचं. कॅरिबू म्हणजे उत्तरेकडची रानटी रेनडिअर. त्यांचा बाथर्स्ट नावाचा कळप 1980च्या दशकात सुमारे 4,70,000 होता, 2018च्या मोजणीत 8,200च्या आसपास उरला. तेव्हा जुन्या फिल्ममध्ये क्षितिजापर्यंत पसरलेला कळप दिसला, तर तो आजचा समजू नये. आणि लेमिंग हे उंदरासारखे छोटे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करतात हे ज्यांना ‘माहीत’ आहे, त्यांच्यापर्यंत ते बहुधा 1958च्या डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या फिल्ममुळे पोचलेलं असतं. ते चित्रीकरण अल्बर्टात झालं, जिथे ते लेमिंग मुळात राहतच नाहीत. प्राणी विकत आणले होते आणि कड्यावरून ढकलले होते. त्या फिल्मला ऑस्करही मिळालं, हे वेगळंच.

भाषेचं म्हणाल तर नॉर्थवेस्ट टेरिटरीजला 11 अधिकृत भाषा आहेत, त्यातल्या नऊ मूलनिवासींच्या. मूळ आवाज आणि खाली सबटायटल असा पर्याय असेल तर तोच घ्या. इंग्रजी डबिंगमध्ये म्हाताऱ्यांचं थांबून थांबून बोलणं पार हरवतं.

मुलं बरोबर असतील तर, विशेषतः शाकाहारी घरातली, आधी सांगून ठेवा: या फिल्म्समध्ये सील चिरताना, मूस सोलताना दाखवतात, कॅमेरा बाजूला वळवत नाहीत. आणि आत शिरल्यावर जाड कोट काढून हातात घ्या. घामेजल्या अंगाने परत उणे तीसमध्ये बाहेर पडलात तर थंडी दुप्पट झोंबते.