मुंबई-गोवा क्रूझ: आईला घेऊन गेले, फार बरं झालं

आईच्या पंचाहत्तरीला बॅलार्ड पियरहून गोव्याची क्रूझ केली. खोली मुद्दाम खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध मागून घेतली. तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. तरी उलटीची गोळी जहाज सुटायच्या आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मोठ्या बॅगा खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि आईची बीपीची गोळी नेमकी त्यातच! औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून भरमसाट बिल येतं. पहाटे डेकवर गेलो. कठडा ओला, बोटांना मीठ लागत होतं. तो धरून आई मुरगावच्या दिव्यांकडे कितीतरी वेळ बघत उभी होती.