‘9900 एमएएच’ लिहिलेला सेल घेऊ नका

आमच्याकडे जुन्नर तालुक्यात शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. उसाला दारं धरायला अण्णा रात्री-अपरात्री बांधावर जातात. बिबट्याचा मुलूख, आणि पायाखाली जनावर कधी येईल सांगता येत नाही. म्हणून त्यांच्या टॉर्चसाठी मी ऑनलाइन 18650 मापाचे दोन रिचार्जेबल लिथियम सेल आणि चार्जर असा सेट मागवला. सेलवर ठळक 9900 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा), खाली ‘ओव्हरचार्ज प्रोटेक्शन’, म्हणजे जादा चार्जिंग रोखणारी सोय. रात्रभर उजेड मिळेल, असं विक्रेत्याचं म्हणणं.

टॉर्च तासाभरातच विझली. अण्णा तेव्हा उसाच्या आत होते, मोबाइलच्या उजेडात कसेबसे बाहेर आले. पैशांचं सोडा, पण या विक्रेत्याने माझ्या वडिलांना त्या अंधारात उभं केलं, त्याचा राग अजून जात नाही.

सेल घेऊन ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन्ही आधी काट्यावर टाकले. एक भरला 31 ग्रॅम, दुसरा 44. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. या मापाचा चांगला सेल साधारण 45 ते 48 ग्रॅम भरतो. एकाच पाकिटातल्या दोन सेलमध्ये एवढा फरक, म्हणजे आतला मालच वेगळा. जड सेलच्या बुडाशी त्याने नखाने दाखवलं: स्पॉट वेल्डिंगचे बारीक खड्डे आणि पत्री उपटल्याचे ओरखडे. कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल, वर नवं निळं प्लॅस्टिक चढवलेलं. हलका सेल टेस्टरवर लावला तर 700 एमएएचही भरला नाही. प्रोटेक्शनचं सर्किट तर दोन्हींत नव्हतंच.

जपान-कोरियातल्या नामांकित कारखान्यांचे या मापाचे सेलसुद्धा साधारण 3500 एमएएचच्या आसपास थांबतात. मग 9900 येणार कुठून? 18650 वर 6800, 9900 असं काही छापलेलं दिसलं की ते सरळ खोटं समजा. घड्याळ-रिमोटच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलमध्येही हाच खेळ चालतो; तिथे खरा आकडा बहुधा 2000 ते 2500 असतो, आणि विकणारे 4000 च्या वर छापून मोकळे होतात.

मला जास्त धडकी भरवली ती चार्जरने. नेहमीचा लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला पोचला की चार्जिंग थांबलंच पाहिजे. आम्ही मीटर लावून बघत बसलो. 4.2 झाले, 4.25 झाले, 4.3 च्या पुढे काटा गेला तरी दिवा लालच. सेलला हात लावला तर चांगलाच तापलेला. तिथेच प्लग उपटला. असं जादा चार्जिंग होत राहिलं की सेलच्या आत शॉर्ट होऊ शकतो, उष्णता आवरत नाही आणि सेल भडकतो. लोक हे चार्जर रात्री उशाशी, गादीवर लावून झोपतात हो!

विक्रेत्याचं उत्तर: तुम्हीच चुकीचं चार्ज केलंत, बॅटरी परत घेत नाही. मग काट्यावरच्या सेलचे, वेल्डिंगच्या खुणांचे, पाकिटाचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला तक्रार केली. पैसे परत आले. पण तोच फोटो, तेच 9900, आता दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने विकायला आहे.

लिथियम सेलच्या पाकिटावर आयएस 16046 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका आणि समोर येणारं उत्पादकाचं नाव पाकिटाशी ताडून घ्या. आमच्या पाकिटावर यातलं काहीच नव्हतं. असले सेल घरात असतील तर वापरणं आजच बंद करा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्या. घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याखाली दाबला गेलेला सेल गाडीतच पेटू शकतो, आणि तिथे हात घालणारी माणसं असतात.