मांडवा–अलिबाग की अलिबाग–रेवदंडा? अष्टागरातल्या पहिल्या सायकल सहलीसाठी

अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या किनारपट्टीच्या गावांत, सायकलने फिरायचं ठरलं की दोन रस्ते समोर येतात. मांडवा जेट्टीवर उतरून सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली करत अलिबाग गाठायचं, किंवा अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याला जाऊन परत यायचं. दोन्ही रस्ते जवळपास सपाट आहेत. नवख्या माणसाला किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जमतील. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे आणि चुकीचा निवडला तर सहल कंटाळवाणी होते.

आमचं मत आधीच सांगतो. इतिहास बघायचा असेल आणि गाडीने अलिबागपर्यंत येणार असाल तर रेवदंडा. मुंबईहून गाडी न काढता सायकलसकट निघायचं असेल तर मांडवा.

अंतर आणि चढ

मांडवा ते अलिबाग चोंढीवरून मुख्य रस्त्याने साधारण २० किलोमीटर. किनाऱ्याच्या गावांत शिरत गेलात तर २५ धरा. बोटीसाठी परत यायचं तर जाऊन-येऊन ४० ते ५०. अलिबाग ते रेवदंडा एका बाजूने १७–१८, म्हणजे जाऊन-येऊन ३५ च्या आसपास. शिवाय रेवदंड्याच्या वाटेत थांबायच्या जागा इतक्या आहेत की सलग दहा किलोमीटर सायकल मारायची वेळच येत नाही. मांडव्याच्या बाजूला रस्ता थोडा खालीवर होतो. दम लागेल असा चढ मात्र कुठेच नाही. एका गिअरची साधी सायकलही दोन्हीकडे चालते.

पोहोचायचं कसं, हा खरा फरक

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहनं नेणारी रो-रो बोट जाते. २०२० मध्ये ती सुरू झाली आणि सायकलवाल्यांची मोठी अडचण मिटली. साधारण तासाभराचा प्रवास आहे, सायकलचं वेगळं तिकीट काढायचं आणि ती खाली वाहनांच्या मजल्यावर लावायची. गेटवेवरून सुटणाऱ्या छोट्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि एरवीही तिथे सायकल चढवणं त्रासाचं आहे, त्यामुळे सायकल घेऊन जायचं तर रो-रोच. परतीची शेवटची बोट कधी आहे ते सकाळीच बघून ठेवा. मांडव्याच्या सहलीचं घड्याळ हीच बोट ठरवते. अलिबागहून उशिरा निघून काळोखात जेट्टीकडे पळायची वेळ येते ती याच कारणाने.

रेवदंड्याच्या सहलीला असं बंधन नाही. गाडी अलिबागला लावा, सायकली उतरवा आणि निघा. पेण–वडखळहून अलिबागपर्यंत मात्र सायकल चालवत येऊ नका. कार्लेखिंडीचा चढ आणि तिथली वाहतूक सोप्या सहलीत बसत नाही.

वाटेत काय बघाल

मांडव्याच्या बाजूला सावली जास्त, समुद्र जास्त आणि गर्दी जरा विखुरलेली. सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरातलं संग्रहालय आहे. पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा यांनीच घडवला. तिथली म्हशींची आणि कोळिणींची शिल्पं बघितली की अंगणात कोणीतरी उभं असल्याचा भास होतो. तास काढाच. किहीमला सुरूच्या बनामागे पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी हे बेटांवरचे किल्ले समोर दिसतात. खांदेरीवर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधकाम सुरू केलं, आणि लगेच जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरीवर तळ ठोकून उत्तर दिलं. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात खांदेरी आहे. पण तिथे जायला बोट ठरवावी लागते. सायकलच्या दिवशी ती भानगड नको, किनाऱ्यावरूनच बघा.

थोडक्यात, या रस्त्यावरचा मोठा इतिहास पाण्यात उभा आहे. रेवदंड्याच्या रस्त्यावर तो सायकलच्या चाकाखाली येतो.

अलिबाग सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की आक्षी. इथल्या शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असं वाचन झालं आहे आणि अनेक अभ्यासक तो मराठीतला सर्वांत जुना शिलालेख मानतात. नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या रस्त्याला खेटून आहेत. पुढे चौल. ग्रीक-रोमन प्रवाशांच्या लिखाणात येणारं हे बंदर आज शांत गाव आहे. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी बघाच, पायऱ्यांवर बसून पाणी प्या, डबा खा. दत्ताच्या टेकडीवर चढायचं असेल तर सायकल पायथ्याशी लावा आणि वेळ धरा. पायऱ्या भरपूर आहेत आणि सायकलनंतर मांड्या बोलतात.

रेवदंड्यात शिरताना रस्ता पोर्तुगीज तटबंदीतून आत जातो आणि अख्खं गाव किल्ल्यात वसलेलं असल्याचं तेव्हा लक्षात येतं. वाड्यांमधून आत गेलं की फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात. पायथ्याशी तोफा आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात इथे बांधकाम केलं आणि १७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं. सातखणीकडे जाणारी वाट मऊ मातीची असते, पावसाळ्यानंतर सायकल हातात धरून न्यावी.

भरतीचं गणित

दोन्ही सहलींत अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला घालता येतो, पण ओहोटी असेल तरच. तिथे चालत जायचं असतं. सायकल किनाऱ्यावर कुलूप लावून ठेवा. कोकणात वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी (आणि पहाटे) सव्वादोनला भरती आणि सहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. अर्धा तास मागेपुढे धरा आणि भरती-ओहोटीचा तक्ता बघून खात्री करा.

यातून एक कामाची गोष्ट निघते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया ते चतुर्थी या दिवसांत पाणी खूप मागे जातं आणि तेही सकाळी आठ-नऊला. किल्ला बघून साडेदहाला सायकलवर बसता येतं. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी, असल्याने पाणी पूर्ण हटत नाही. गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. ओहोटीच्या आधी-नंतर तास-दीड तासापेक्षा जास्त किल्ल्याच्या बाजूला राहू नका.

वारा आणि गर्दी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. सकाळी वारा जमिनीकडून हलका असतो, साडेअकरा-बारानंतर समुद्रावरून, वायव्येकडून जोर धरतो. मांडव्याहून अलिबागला जाताना तुमचं तोंड दक्षिणेला, म्हणून दुपारचा वारा पाठीशी मिळतो. मांडव्याला किंवा रेवदंड्याहून परतताना तोंड उत्तरेला, आणि तोच वारा छातीवर येतो. म्हणून सकाळी किल्ला बघणार नसाल तर रेवदंड्याला साडेसहाला निघा आणि अकराच्या आत परतीला लागा.

शनिवार-रविवारी नागावचा रस्ता सोडून द्या. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला वाड्यांचे गडगे, मध्ये एस.टी., मिनीडोर रिक्षा आणि पर्यटकांच्या गाड्या. बाजूला उतरायला जागाच नसते. सुट्टीच्याच दिवशी यायचं असेल तर मांडवा बरा, कारण किनाऱ्याच्या गावांतून आतल्या रस्त्याने जाता येतं. मुख्य रस्त्यावर मात्र चोंढीला तिथेही गर्दी लागते.

काय बिघडतं

दोन्हीकडे पंक्चरची दुकानं मिळतात, पण ती मोटरसायकलची. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर त्यांच्या नळीने हवा भरता येत नाही. पितळी अडॅप्टर खिशात ठेवा आणि कॉम्प्रेसरने हवा थोडी थोडी भरायला सांगा, एका दमात भरली तर ट्यूब फुटते. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचा असला तर वळणावर सांडलेल्या वाळूवर सायकल कमी घसरते. अशा वळणांवर पुढचा ब्रेक दाबू नका. माणशी दोन लिटर पाणी पुरतं, वर शहाळी मिळतातच.

रेवदंड्याला पोहोचल्यावर दम शिल्लक असेल तर कुंडलिका नदी ओलांडून कोर्लईपर्यंत साधारण सहा किलोमीटर जाता येतं. गडाच्या पायथ्याशी दीपगृह आहे आणि गावात पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली आजही घराघरांत ऐकू येते. पण कोर्लईच्या पुढे काशीद–मुरूडकडे चढउतार सुरू होतात. जंजिरा त्याच दिवशी गाठायचा विचार पहिल्या सहलीत करू नका.

ओल्या घट्ट वाळूवर सायकल चालवायचा मोह दोन्हीकडे होतो. चालवा, पण पाण्यात घालू नका. खारं पाणी चेनमध्ये आणि मागच्या फ्रीव्हीलमध्ये गेलं की दोन दिवसांत गंज धरतो. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने सावकाश धुवा, जोराचा फवारा मारू नका, कारण त्याने वाळू बेअरिंगमध्ये ढकलली जाते. फडक्याने कोरडी करून चेनच्या प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडा, पेडल उलटं फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून टाका. ब्रेकच्या रबरात रुतलेले वाळूचे कण टाचणीने काढा, नाहीतर पुढच्या वेळी तेच रिमवर चरे पाडतात.