मस्टँग जीटी ऑटोमॅटिक, ड्रॅग रेडियल आणि पहिले ६० फूट: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडी २०१९ ची मस्टँग जीटी, ५ लिटर व्ही८, ४६० हॉर्सपॉवर, १० स्पीड ऑटोमॅटिक, परफॉर्मन्स पॅकेजवाली, मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.५५. मार्चमध्ये सेकंडहँड घेतली आणि एप्रिल ते नोव्हेंबर ११ वेळा ट्रॅकवर नेली, म्हणजे पन्नासेक रन झाले असतील. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, पूर्वी इथल्या लोकांना इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क अगदी जवळ होतं, पण तिथलं ड्रॅग रेसिंग (सरळ पट्टीवर पाव मैलाची शर्यत) २०१८ च्या जानेवारीत बंद झालं, ॲटकोचा ट्रॅक पण २०२३ मध्ये गेला, त्यामुळे आता ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला तासभर गाडी चालवत जायचं. १९६० पासूनचा ट्रॅक आहे, डोंगराच्या कुशीत, मला मनापासून आवडतो.

आधीच सांगतो, इंजिनला मी हात लावलेला नाही. ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) नाही, इनटेक नाही, एक्झॉस्ट पण स्टॉक, पेट्रोल ९३ ऑक्टेन. तरी पाव मैलाचा टाइम १२.८१ सेकंदांवरून ११.९८ वर आला आणि तो सगळा जवळजवळ सुरुवातीच्या ६० फुटांतून आलाय. एप्रिलमध्ये मला हे कुणी सांगितलं असतं तर मी ट्यूनचे पैसे वाचवले असते असं नाही, कारण ते खर्चच केले नव्हते, पण तीन महिने त्याचाच विचार करण्यात घालवले ते वाचले असते.

पहिल्या दिवसाची स्लिप, म्हणजे रननंतर मिळणारा टाइमचा कागद, अजून जपून ठेवलीय. ६० फूट २.२४ सेकंद, एकूण १२.८१, ट्रॅप स्पीड (शेवटच्या रेषेजवळचा वेग) ताशी ११३.६ मैल. मी फक्त खालचा मोठा आकडा बघत होतो. शेजारच्या लेनला जुनी शेवी नोव्हा घेऊन आलेले एक आजोबा होते, त्यांनी स्लिप हातात घेतली आणि अंगठा वरच्या ओळीवर ठेवला. म्हणाले, ट्रॅप स्पीड इंजिनचा असतो आणि ६० फूट तुझे असतात, तुझं इंजिन बाराच्या अलीकडे जायला तयार आहे, तूच मागे राहतोयस. पहिल्या ६० फुटांत दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतो, हे पण त्यांनीच सांगितलं आणि माझ्या वहीत ते तंतोतंत उतरलंय.

ऑटोमॅटिकला क्लच नाही म्हणून लाँच (जागेवरून सुटणं) सोपं, असं सगळे म्हणतात. सोपं नाहीये हो. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.७० चा आहे, तो गुणिले ३.५५, आणि वर क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर स्वतः टॉर्क वाढवतो तो वेगळाच, म्हणजे मागच्या चाकांवर पहिल्या क्षणी एवढा जोर येतो की साधे रोडचे टायर तो पेलूच शकत नाहीत. माझ्याकडे गाडीबरोबर आलेले मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस होते, मागे २७५ रुंदीचे, रस्त्यावर आणि पावसात उत्तम टायर आहेत, पण पूर्ण गॅस दिला की जागेवर फिरायचे. बायको कडेला उभं राहून व्हिडिओ काढायची, तिनेच पहिल्यांदा पकडलं. "अरे, हिरवा लागला की तू एकदम दाबतोस, बघ ना, मागचं चाक नाचतंय." स्लो करून बघितलं तर खरंच, टायर नुसता स्पिन होत नव्हता, वर-खाली उड्या मारत होता. याला व्हील हॉप म्हणतात. इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शनमध्ये रबरी बुश रस्त्यावरच्या आरामासाठी मऊ ठेवलेले असतात, मग टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो, आणि तो झटका सरळ ॲक्सलला बसतो. हॉप जाणवला की त्याच क्षणी गॅस सोडायचा, ती रन गेली म्हणायची. इथे जिद्द केली तर हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटू शकतो.

मग मे-जून मी रोडच्या टायरवरच सराव केला आणि तो फार कामाला आला. ब्रेकवर डावा पाय, आरपीएम जेमतेम हजाराच्या वर, सुटताना गॅस एकदम न देता अर्धा, आणि गाडीने पकड घेतली असं पाठीला जाणवलं की पूर्ण. मागची हवा २८ पीएसआय. स्टार्ट लाइनच्या आधी टायर भिजवायला पाण्याचं डबकं असतं त्यातून रोडचे टायर न्यायचे नाहीत, वळसा घालून जायचं, कारण खाचांमध्ये पाणी अडकतं आणि तेच पुढे स्टार्ट लाइनवर गळतं. एक छोटा स्पिन मारून टायर साफ करायचा, बस्स. यावर सगळ्यात चांगला ६० फूट १.९४ आणि टाइम १२.३४ मिळाला. म्हणजे एक पैसा न घालता जवळजवळ अर्धा सेकंद, फक्त पायावर.

जुलैत मिकी थॉम्पसनचे ईटी स्ट्रीट एस/एस ड्रॅग रेडियल (ड्रॅग रेसिंगसाठीचे जास्त पकडीचे टायर) घेतले, १८ इंची रिमवर ३०५ रुंदी, फक्त मागची जोडी. पहिल्याच दिवशी ६० फूट २.०५! रोडच्या टायरपेक्षा खराब. रागच आला होता. मग गेज लावलं तर दोन्ही टायरमध्ये ३२ पीएसआय, ज्यांनी बसवून दिले त्यांनी नेहमीच्या गाडीसारखी भरली होती आणि मी तपासलं नव्हतं. २४ केली, मग २०, मग १८. प्रत्येक वेळी आकडा खाली. १८ ला १.७४ आला आणि गाडी सुटताना नाक वर उचलून सरळ रेषेत गेली, मागे कुणीतरी ढकलल्यासारखी. ती भावना मला लिहिता येत नाही खरं तर, बायको शेजारून ओरडत होती एवढंच आठवतंय.

या टायरला मात्र बर्नआउट, म्हणजे जागेवर फिरवून तापवणं, हवाच. पाण्यातून हळू पुढे यायचं, चाकं डबक्याच्या जरा पुढे घ्यायची, गाडीच्या ट्रॅक ॲप्स मेनूमध्ये लाइन लॉक लावायचा. पुढचे ब्रेक १५ सेकंदांपर्यंत धरून ठेवतो आणि मागचे मोकळे. सुरुवातीला मी पूर्ण १५ सेकंद धूर काढायचो, ते चूक. पांढरा धूर नीट दिसायला लागला की थांबायचं, चार-पाच सेकंद पुरतात, जास्त तापवला तर रबर उलटं बुळबुळीत होतं. आणि लाइनला यायच्या बरंच आधी एसी बंद करायचा. एसीचं पाणी स्टार्ट लाइनवर ठिबकलं तर मागच्या माणसाचा जीव धोक्यात येतो, ट्रॅकवाले यावर चिडतात आणि बरोबर चिडतात.

स्टेजिंगबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. पिवळ्या दिव्यांच्या वर दोन छोटे दिवे असतात, प्री-स्टेज आणि स्टेज, पुढचं चाक ट्रॅकवरच्या आडव्या किरणात आलं की ते लागतात, दोघांच्या किरणांत ७ इंचांचं अंतर. दुसरा दिवा लागला रे लागला की थांबायचं, एक बोटभर पण पुढे नाही. घड्याळ हिरव्यावर सुरू होत नाही, पुढचं चाक किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. काठावर थांबलं तर गाडीला फूटभर धाव फुकट मिळते. मी आधी आत घुसून थांबायचो, ते सोडलं तेव्हा साधारण अर्धा दशांश तिथेच वाचला. आपली रिअ‍ॅक्शन टाइम त्या टाइममध्ये धरत नाहीत, त्यामुळे सरावाच्या दिवशी दिव्याशी शर्यत लावायची गरजच नाही, शांतपणे सुटायचं.

ड्रॅग रेडियलवर ब्रेक धरून आरपीएम मी १८०० पर्यंत नेतो. २००० च्या वर गेलं की इंजिन मागच्या ब्रेकला जुमानत नाही, गाडी सरकते, किरण सुटतो आणि लाल लागतो, म्हणजे हिरव्याआधीच सुटल्याचा फाउल. शिवाय धरून ठेवायचं ते दोन सेकंदच, कारण कन्व्हर्टरमधलं तेल भराभर तापतं. शेवटचा पिवळा लागला की ब्रेक सोडायचा आणि गॅस पूर्ण, दोन्ही एकाच श्वासात. पुढचं काम गाडीतल्या ड्रॅग स्ट्रिप मोडचं. त्यात गिअर बदलताना टॉर्क कमी केला जात नाही, प्रत्येक गिअर पाठीत थाप मारून पडतो. स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलला मी हात लावत नाही, गिअरबॉक्स माझ्यापेक्षा हुशार आहे. ट्रॅक्शन कंट्रोल बंद.

त्रास पण आहेत. ड्रॅग रेडियल ओल्या रस्त्यावर नेऊ नका, कायद्याने चालतात तरी नका. एकदा परतताना रूट ८० वर पाऊस लागला आणि तासाभराचं अंतर मी दोन तासांत, उजव्या लेनमधून, घाम फुटत केलं. तेव्हापासून ट्रॅकवरच चाकं बदलतो, जॅक आणि टॉर्क रेंच डिकीत, नट १५० फूट-पाउंडला. हेल्मेट लागतंच, १३.९९ किंवा त्याहून कमी टाइम असेल तर नियम आहे. दोन रनमध्ये बॉनेट उघडून निदान अर्धा तास थांबतो, जुलैत सलग केलेली तिसरी रन कायम हळू यायची.

११.९८ आला तो ऑक्टोबरमधल्या थंड संध्याकाळी, ६० फूट १.७२, ट्रॅप ११६.१. ट्रॅकवर फवारलेल्या चिकट द्रवाने चालताना बुटाचा तळ चर्रकन सुटत होता, तेव्हाच वाटलं होतं आज काहीतरी होणार. खिडकीतून स्लिप हातात आली, मी गाडी बाजूला घेऊन दिवा लावून तीनदा वाचली.

टायर आता गॅरेजमध्ये आत आणून उभे केलेत, अजून एक सीझन नक्की निघेल एवढं रबर आहे. मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या सांगाड्याचे) सपोर्ट हिवाळ्यात बसवणार, हॉप पूर्ण गेलेला नाही, बर्नआउट कमी पडला की परत येतो. आणि १८ पीएसआयच्या खाली मी अजून गेलोच नाहीये, ट्रॅक उघडला की पहिल्या दिवशी १७ ला लावून बघायचंय.